रडायचा प्रवेश

३ ऑगस्ट

आत्या,

नमस्कार, आणि रागावू नकोस. सहा महिन्यांनी लिहितेय, तेही कामापुरतं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि स्टाफरूममधून मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र.

आमच्या नाटकाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी त्यांचे तास माझ्या गळ्यात मारले. मी विज्ञान शिकवते हो, म्हटलं तर म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंनी तीस वर्षं शाळांची नाटकं बसवली ना? मग रक्तातच आहे." झालं! आता आठवड्यातून तीन तास मी आठवीच्या मुलांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवायचा, प्रेक्षकांकडे पाठ का करायची नाही, हे शिकवते. आदल्या दिवशी पुस्तकात वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगायचं.

मजा येत नाही असं नाही. परवा म्हटलं, हातात जड बादली आहे असं समजून चाला. बावीस मुलं बावीस प्रकारे वाकली. एक मुलगी मात्र ताठ चालत आली. का गं, विचारलं तर म्हणते, "बादली गळकी आहे बाई, येईपर्यंत रिकामी झाली." ही आमची फिरकी. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला फिरकीच म्हणतात. आम्हा सगळ्या शिक्षकांची नक्कल करते. माझी तर इतकी हुबेहूब करते की मी चालताना आता मलाच संकोच वाटतो.

अठरा ऑक्टोबरला आंतरशालेय स्पर्धा आहे. नाटक साधं आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान, बाप जहाजावर, मुलगी एकटी दुकान सांभाळते. शेवटी पत्र येतं, बाप आता येणार नाही. ती ते मनातल्या मनात वाचते आणि रडते. बस, पडदा. मुलीचं काम अर्थातच फिरकीला दिलंय. बाकी सगळं झकास करते. पण पत्र उघडलं की हिला हसू फुटतं! ती हसली की सगळा वर्ग हसतो, आणि तालीम तिथंच संपते. मुख्याध्यापिका रोज विचारतात, "रडायचा प्रवेश बसला का?"

तू मुलांना कसं रडवायचीस? लवकर कळव.

तुझी,
बारकी

*

११ ऑगस्ट

बारके,

आशीर्वाद आहेतच, ते काही पत्रागणिक नवे लागत नाहीत. काम पडलं की आत्या आठवते, हे मला माहीत आहे. पण या कामासाठी आठवली म्हणून माफ.

तुला काय वाटलं, मूल रडवणं म्हणजे परीक्षानळी तापवणं? कांदा लावू नकोस. डोळे लाल होतात, चेहरा कोरडाच राहतो. "दुःखी हो" असं तर मुळीच सांगू नकोस. मुलं भुवया वर करतात आणि ओठ खाली ओढतात. पोट दुखत असल्यासारखी दिसतात.

नीट वाच. तुमच्या नाटकात पत्र आहे ना? तालमीत तिच्या हातात काय देतेस? कोरा कागद! अगं, कोऱ्या कागदाकडे बघून कोण रडेल? त्यावर काहीतरी लिही. नाटकातलं नाही, तिच्या स्वतःच्या जिवाला लागेल असं. आधी सांगू नकोस. ती पाकीट उघडेल, वाचेल, आणि पुढचं तुला शिकवावं लागणार नाही. एकदा शरीराला ते रडणं कळलं की पुढे कोऱ्या कागदावरही जमतं.

ही युक्ती मी पहिल्यांदा कोणावर केली, आठवतं का? तुझ्यावरच! नऊ वर्षांची होतीस. त्या दिवसांत तुझ्या आईबाबांचं बिनसलं होतं, तुझी आई महिनाभर माहेरी होती. मी कागदावर लिहिलं, "आई तुला कायमची सोडून गेली. आता तू माझ्याकडेच राहायचं." काय रडलीस गं! परीक्षकांनी चष्मे काढले. पडदा पडल्यावर दोन मिनिटांत तुला सांगितलं की खोटं आहे, आणि तू हसलीस. तो चांदीचा कप अजून माझ्या कपाटावर आहे.

गुडघा ठीक. कान तसेच. मुलीचं काय झालं ते लिही.

आत्या

*

१९ ऑगस्ट

आत्या,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

फिरकीचे आजोबा सुतार आहेत. रोज तेच तिला शाळेत सोडायचे, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला आणि ही पुढे नाचत. पंधरा दिवसांपूर्वी शिडीवरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, इस्पितळात आहेत. वडील परगावी, आई औषधाच्या दुकानात दिवसभर उभी. शाळा सुटली की ही त्यांच्याकडेच जाते, त्यांना सगळ्यांच्या नकला करून दाखवते. तर काय लिहायचं हे मला लगेच सुचलं. इतकं लगेच सुचलं याचंच मला कसंतरी झालं.

मी नाही लिहिणार. तेरा वर्षांची पोर आहे.

पण पुढच्या शुक्रवारी मुख्याध्यापिका दोन संस्थाचालकांना घेऊन तालीम बघायला येणार आहेत. काल पुन्हा पत्र उघडून ती खो-खो हसली. "नाटकाचा तास हवा कशाला" असं एक संस्थाचालक आधीच म्हणतात. तो तास बंद झाला तर गणिताला जाईल, आणि ही सगळी मुलं, जी आठवडाभर या तीन तासांची वाट बघतात, त्यांना मी काय सांगू? माझा जीव टांगणीला लागलाय. तुझ्याकडे दुसरी काही युक्ती नाही का?

बारकी

*

२३ ऑगस्ट

बारके,

दुसरी युक्ती नाही. असती तर तीस वर्षं हीच वापरली असती का?

इतकी घाबरट कशी झालीस तू, कळत नाही. आमच्या घरात कोणी नाही असं. अगं, खोटंच आहे ना? आजोबा जिवंत आहेत ना? मग पडदा पडला की तिला जवळ घे, कानात सांग, हातावर चॉकलेट ठेव. मुलं पटकन विसरतात. मोठी माणसं उगाच चघळत बसतात. शुक्रवारी कर आणि मला कळव.

आत्या

*

३० ऑगस्ट

आत्या,

अक्षर वाईट आलंय, लावून वाच.

मी लिहिलं. "आजोबा गेले. आईनं तुला अजून सांगितलेलं नाही." एवढंच. अक्षर वेगळं काढलं. पाकिटात घातलं आणि पोस्टमन झालेल्या मुलाकडे दिलं. त्यालाही माहीत नव्हतं.

तिनं पाकीट फाडलं, हसायची तयारी करूनच फाडलं. वाचलं. मग पुन्हा वाचलं. आत्या, ती रडली नाही. नुसती खाली बसली, जशी उभी होती तशीच, आणि तिच्या तोंडातून एक बारीक आवाज आला. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग रडली. सभागृहात चिडीचूप. मी पडदा ओढला आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. संस्थाचालक उभे राहिले.

मी विंगेत धावणार तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी माझे दोन्ही हात धरले. "बाई, काय केलंत हो तुम्ही!" मी म्हटलं, एक मिनिट. त्या म्हणाल्या, आधी साहेबांना भेटा. साहेबांना चहा. साहेबांचे प्रश्न. मी उभी होते आणि हसत होते, आत्या. हसत होते! दहा मिनिटं गेली असतील.

विंगेत गेले तर ती नव्हती. बाकीची मुलं म्हणाली, "बाई, ती गेली. काय मस्त रडली ना?" नाटकातल्या बापाचा भला मोठा कोट अंगात होता, तसाच घालून गेली. पहारेकऱ्यानं बघितलं, पण त्याला वाटलं नाटकाचंच काहीतरी आहे.

इस्पितळ शाळेपासून दोन मोठे चौक ओलांडून. मी धावत गेले. शिपाई मामा स्कूटरवर दुसऱ्या रस्त्यानं. आजोबांच्या खोलीत पोचले तर पलंग रिकामा. परिचारिका म्हणाली, "एक्स-रेला नेलंय त्यांना. मघाशी एक मुलगी आली होती मोठा कोट घातलेली. पलंग बघितला आणि पळत गेली." तिला तो रिकामा पलंग दिसला, आत्या. मी लिहिलेलं तिनं जाऊन तपासलं, आणि खरं निघालं.

तीन तास सापडली नाही. तिची आई दुकान टाकून आली. मी काय केलंय ते तिला रस्त्यातच सांगितलं. ती रस्ता बघत राहिली. साडेपाचला झाडूवाल्या मावशींना ती जिन्याखाली सापडली, इस्पितळातच, मागच्या बाजूला. आजोबांच्या चाकाच्या खुर्चीसमोर नेऊन उभं केलं तरी हात लावायला तयार नव्हती. मग त्यांच्या गालाला बोट लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मेलो म्हणे मी! मला कोणी कळवलंच नाही." मला हसवायला म्हणाले ते. मग म्हणाले, "माझं सोडा हो. तिला सांगा." तिला सांगितलं, वर्गासमोर सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे, बाई." नुसतं ठीक आहे. उभी राहून, हात मागे घेऊन. आज कोणाचीच नक्कल केली नाही.

आत्या, काय करू?

*

६ सप्टेंबर

बारके,

वाचून वाईट वाटलं. मुलगी सुखरूप आहे ना, मग देवाची कृपा.

पण स्पष्ट बोलते. युक्ती चुकली नाही, तू चुकलीस. मी काय लिहिलं होतं? पडदा पडला की लगेच सांग. तू चहा पाजत बसलीस. मी तुला दोन मिनिटांत सांगितलं होतं, म्हणून तुला काही झालं नाही. आता फार मनाला लावून घेऊ नकोस. तिला चार दिवस मोकळं सोड, मग हळूच पुन्हा तालमीला बसव. स्पर्धेत ती नाव काढेल.

आत्या

*

१२ सप्टेंबर

आत्या,

तू मोठी आहेस म्हणून आजवर बोलले नाही. आता बोलते.

दोन मिनिटं नव्हती. त्या दिवशी प्राथमिक फेरी होती. पडदा पडला आणि तू म्हणालीस, "छान झालं, जा झोप." मी तुझ्याच घरी झोपले. माझी फणी, माझे कपडे तुझ्या कपाटात लावलेले होते. तूच लावले होतेस, महिनाभर राहायला आले होते म्हणून. पण मला वाटलं, झालं, आता हेच घर. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी. तेच पाकीट, तोच कागद, तशीच रडले. कप मिळाला, फोटो निघाले, आणि मग घरी येताना रस्त्यात तू म्हणालीस, "अगं वेडे, ते खोटं होतं."

आई आठवड्यानं आली. त्यानंतर किती वर्षं, शाळेतून आले की मी आधी तिचं कपाट उघडून कपडे आहेत का बघायची. चपला काढायच्या आधी. आईला वाटायचं मला कपड्यांची हौस आहे. तू विचारतेस घाबरट कशी झालीस. अशी झाले.

सगळ्यांना मी हेच सांगत आले की कपाच्या गडबडीत आत्या सांगायची विसरली. मलाही ते पटलं होतं. आणि म्हणूनच, आत्या, मी तुला विचारलं. मला माहीत होतं तू काय सांगशील. मला कोणीतरी म्हणायला हवं होतं की त्यात काही वावगं नाही, म्हणजे मग मलाही करता आलं असतं. हा माझा दोष, तुझा नाही. पण दोन मिनिटं म्हणू नकोस.

फिरकीनं काम सोडलं. भांडून नाही, "जमणार नाही, बाई" एवढंच म्हणून. आता ती पडदा ओढते.

बारकी

*

२१ ऑक्टोबर

बारके,

महिन्याहून जास्त झाला. चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. नाटकवाली असून मला शब्द सापडू नयेत, बघ.

मी विसरले नव्हते.

प्राथमिक फेरीनंतर तू विंगेत माझ्याकडे बघत उभी होतीस. मी तोंड उघडलं होतं सांगायला. मग मनात आलं, उद्या अंतिम फेरी आहे. आज सांगितलं तर उद्या ही रडणार नाही. म्हणून म्हटलं, जा झोप. तू पलीकडच्या गादीवर रडत होतीस ते मला ऐकू येत होतं. तेव्हा माझे कान चांगले होते.

नंतर मीच सगळ्यांना दोन मिनिटं सांगत आले. इतक्यांदा सांगितलं की मलाही दोनच वाटायला लागली. इतर मुलांना मात्र मी खरंच लगेच सांगायची. कारण तुझं ठाऊक होतं. तुझं ठाऊक असून ती युक्ती सोडली नाही, याला काय म्हणायचं ते तूच म्हण. मी चुकले. तुझ्याशी फार चुकले, बाळ. कप मी खाली काढलाय. तुला नको असेल, मलाही नको.

त्या मुलीचा विश्वास कसा परत मिळवायचा, यावर माझ्याकडे काही नाही. तुझा कसा मिळवायचा तेही नाही. ती कशी आहे एवढं मात्र लिही. मी रोज टपालाची वाट बघते.

तुझी आत्या

*

२८ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. त्यावर सावकाश लिहीन, तुझ्यावर राग धरून बसायची ताकद आज माझ्यात नाही. तू विचारलंस ती कशी आहे, ते सांगते.

स्पर्धा झाली. शेवट बदलला आम्ही, दुसऱ्या मुलीनं केला, नंबर आला नाही. आता नाटकाचा तास राहतो की जातो ते ठरेल तेव्हा ठरेल. फिरकीनं पडदा वेळेवर ओढला. बसमध्ये परत येताना तिनं परीक्षकांची छोटीशी नक्कल केली, शेजारणीपुरती. मी पुढच्या सीटवर होते, वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबली असती. मला वाटलं, येईल. हळूहळू येईल. आजोबाही घरी आले होते, काठीवर चालायला लागले होते.

काल तिसऱ्या तासाला स्टाफरूममधला फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे तिची आई. सकाळी चहा घेता घेता आजोबा गेले. खुर्चीतच. तिनं विचारलं, "कोण बोलतंय?" मी सांगितलं. मग ती म्हणाली, "मी आजोबांना सोडून येऊ शकत नाही. तुम्हीच आणा तिला. सांगून आणा, दारात कळायला नको."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, मी सांगते, तुम्ही नका. मी नको म्हटलं. आता दुसऱ्याच्या तोंडून सांगणं म्हणजे पुन्हा पाकिटात घालून देणं झालं असतं.

तिला वर्गातून बाहेर बोलावलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, "फिरके, आजोबा गेले गं."

तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, सभागृहाच्या दाराकडे, जिन्याकडे. कोण कोण बसलंय ते शोधत होती, आत्या. कोणी दिसलं नाही तेव्हा अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "मला नाही जमणार, बाई. दुसऱ्या कोणाला घ्या ना."

मी म्हटलं, हे खरं आहे. ती म्हणाली, हो बाई. मी आईची शपथ घेतली. ती म्हणाली, हो बाई. मी रडायला लागले, आणि ती माझ्याकडे तालमीत एकमेकांचं काम बघतात तशी बघत होती. मग मी बोलणं सोडलं. तिचं दप्तर घेतलं, हात धरला आणि निघाले. मुख्याध्यापिका मागून रिक्षा मागवते म्हणाल्या, पण ती आधीच चालायला लागली होती.

पहिला चौक ओलांडला. ती म्हणाली, "आई तुम्हाला रागावेल हं, मागच्या वेळी पण रागावली होती." पुढे म्हणाली, आज ते तिच्यासाठी लाकडाची पेटी करायला बसणार होते, खिळे कालच आणलेत. मी हूं म्हणत होते. तिच्या आईचं औषधाचं दुकान आलं. शटर खाली होतं. ती थांबली, कुलपाकडे बघितलं आणि तिचा हात माझ्या हातात एकदम गार पडला.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा त्यांच्या फाटकाशी चारपाच माणसं उभी दिसली. तिनं मला मागे ओढलं. "बाई, बास," म्हणाली. "झालं ना आता? आता सांगा ना खोटं आहे म्हणून."

मी तिचा हात सोडला नाही. आम्ही घराकडे चालत राहिलो.

बारकी